मेनिंजायटीसची लस: कोणाला लागते, कोणती घ्यायची आणि नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची

लसीकरणाच्या कामात असल्यामुळे "मेनिंजायटीसची लस मिळेल का?" हा प्रश्न मला वर्षभर येतो. विचारणारी माणसं मात्र अगदी वेगवेगळी असतात. बाळ दीड महिन्याचं झालेलं इंदिरानगरचं जोडपं, टेक्सासला एमएस करायला निघालेला मुलगा, उमऱ्याला जाणारे जुन्या नाशकातले काका-काकू, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलीला सुरगाण्याहून घेऊन आलेली आई. या प्रत्येकाला मिळणारं उत्तर वेगळं आहे, कारण मेनिंजायटीसची म्हणून एकच एक लस नसते. पहिल्यांदाच या विषयाकडे बघणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची, काय विचारायचं आणि खिशात हात कधी घालायचा, ते इथे ओळीने सांगते.

आधी आजार थोडक्यात

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पातळ आवरणं असतात. त्यांना सूज आली की तो मेनिंजायटीस. ही सूज विषाणूंमुळे येते, जिवाणूंमुळे येते, क्षयाच्या जंतूंमुळे येते आणि क्वचित बुरशीमुळेही येते. विषाणूंमुळे आलेली सूज बहुतेकांना आपोआप उतरते. जिवाणूंमुळे आलेली मात्र काही तासांत माणूस हातचा घालवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जिवाणूजन्य मेनिंजायटीस झालेल्या साधारण ६ जणांपैकी एक दगावतो. ५ पैकी एकाला कायमचं काहीतरी मागे राहतं: बहिरेपण येतं, फिट्स सुरू होतात, हातापायाची ताकद जाते. आकडे घाबरवायला दिलेले नाहीत. लशीचा प्रश्न जे "बघू नंतर" म्हणून टाळतात, त्यांच्यासाठी दिले आहेत.

लस ज्यांच्याविरुद्ध काम करते असे चार जंतू लक्षात ठेवा: हिब, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि क्षयाचा जंतू. यातल्या तिघांवरच्या लसी सरकारी कार्यक्रमात प्रत्येक बाळाला फुकट मिळतात. चौथी, मेनिंगोकोकसची, ठरावीक लोकांनाच लागते आणि बहुतेकांना ती पैसे देऊन घ्यावी लागते. सौदीचा व्हिसा किंवा परदेशी कॉलेज जी "मेनिंजायटीस लस" मागतं ती हीच.

पायरी १: बाळाचं कार्ड काढा आणि बोट ठेवून वाचा

पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर दुकानाकडे किंवा खासगी दवाखान्याकडे धावण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. त्यात या रकान्यांसमोर तारखा आहेत का बघा.

जन्मल्यावर लगेच बीसीजी. डाव्या दंडावर दिली जाते आणि पुढे तिथे छोटा व्रण राहतो. लहान मुलांना होणारा क्षयाचा मेनिंजायटीस हा फार वाईट आजार असतो, आणि बीसीजीचं खरं काम त्यापासून वाचवणं हेच आहे. जन्मावेळी राहून गेली असेल तर बाळ वर्षाचं होईपर्यंत देता येते.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. या एका सुईत पाच आजारांविरुद्धची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटीस बी आणि हिब. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी. नावात इन्फ्लुएंझा असलं तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. लस येण्याआधी लहान मुलांमधल्या मेनिंजायटीसचं हे एक मोठं कारण होतं.

सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस. भारतात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. त्याआधी ती खासगीतच मिळायची आणि एकेका डोसला काही हजार मोजावे लागायचे. थोरल्याच्या वेळी पैसे भरलेले पालक धाकट्याच्या वेळीही खासगीतच जातात, कारण ती आता सरकारी केंद्रात फुकट मिळते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

नऊ महिन्यांना आणि पुढे १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाची लस आहे. गोवर मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तीही या यादीत धरा.

चौदा आठवड्यांच्या भेटीत काय होतं ते आधी माहीत असलं की आई-बाबांची घालमेल कमी होते. एकाच दिवशी बाळाला तीन सुया बसतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही आणि उजव्या दंडात कातडीत अगदी थोडी पोलिओची लस. शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस. "एवढं एकदम? एक आज द्या, बाकीच्या पुढच्या महिन्यात" असं बऱ्याच आज्या म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, पण तसं करू नका. बाळाचं शरीर हे एकत्र पेलतं, आणि पुढे ढकललेली सुई राहूनच जाते असं मी फार वेळा पाहिलंय. रात्री ताप आला तर सिस्टरने सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. सुईच्या जागी काहीही चोळू नका, शेकू नका. लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी याच अर्ध्या तासात दिसते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सिस्टरकडे असतं.

कुपीवर एक खूण असते, ती बघायची सवय लावून घ्या. गोलाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरण्याजोगी आहे. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला असेल तर त्या कुपीला उष्णता लागलेली आहे, ती वापरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये अंगणवाडीतल्या सत्रात बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा उघडला की मी आधी तोच चौकोन बघते. पालकांनी "ताई, कुपी दाखवता का?" असं विचारलं तर चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

पायरी २: कार्ड अर्धवट असेल, हरवलं असेल किंवा दुसऱ्या गावचं असेल

हा भाग नाशिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं, द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे उतरणारे मजूर, बदलीवर आलेले नोकरदार, या सगळ्यांची मुलं लसीच्या वेळापत्रकातून निसटतात. का निसटतात? "आमचं कार्ड गावचं आहे, इथे चालेल का?" या एका शंकेने.

चालतं. बिहारचं कार्ड असो की खानदेशातलं, पुढचा डोस नाशिकच्या कोणत्याही सरकारी केंद्रात मिळतो. आधीचे डोस पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात. त्यासाठी रेशनकार्ड नाशिकचं लागत नाही. शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत, नाशिकरोडच्या बिटको, कथड्याच्या झाकीर हुसेन, पंचवटीच्या इंदिरा गांधी आणि सिडकोतल्या मोरवाडीच्या स्वामी समर्थ या मनपा रुग्णालयांत, तसंच सिव्हिलमध्ये चौकशी करा. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा ठरलेल्या दिवशी अंगणवाडी. सत्राचा वार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. तो आशाताईंना तोंडपाठ असतो, त्यामुळे नव्या वस्तीत राहायला गेलात की आधी तिथल्या आशाताईंचा नंबर घ्या. किराणा दुकानात विचारलं तरी मिळतो.

कार्ड हरवलं असेल तर यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या पोर्टलवर नोंद झाली आहे का ते मोबाईल नंबरावरून बघता येतं. नोंदही नसेल तर आठवतं तेवढं खरं सांगा. उगाच "सगळं झालंय" म्हणू नका. त्याने मुलाचंच नुकसान होतं.

एक मुदत मात्र कडक आहे. सरकारी कार्यक्रमात पेंटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस मूल वर्षाचं व्हायच्या आत पडायला हवा. तो पडला की उरलेले डोस नंतरही पूर्ण करून देतात. वर्ष उलटून गेलं असेल तरी गप्प बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा, हिब आणि पीसीव्ही खासगीत पाच वर्षांपर्यंत भरून काढता येतात आणि त्यात डोसही कमी लागतात.

पायरी ३: मेनिंगोकोकसची लस तुम्हाला लागते का ते ठरवा

आता पैसे खर्च करायची गोष्ट. तुम्ही धडधाकट आहात, नाशिकमध्येच राहता, हज-उमऱ्याला, आफ्रिकेत किंवा परदेशी शिकायला जाणार नाही, आणि खाली सांगितलेला कोणताही आजार नाही. मग तुम्हाला ही लस लागत नाही. असं स्पष्ट सांगणारे कमी भेटतात म्हणून मी सांगते. भारतात मेनिंगोकोकसच्या साथी आल्या आहेत. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये, मेघालयात २००८ च्या सुमारास. पण ही लस सरसकट सगळ्यांना देण्याचा कार्यक्रम आपल्याकडे नाही, आणि बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही ती जास्त धोका असलेल्या मुलांसाठीच सुचवते. सिंहस्थासाठी घ्यावी का, असंही हल्ली विचारतात. कुंभाला येणाऱ्यांवर या लशीची अट नाही.

लागते ती पुढच्या लोकांना.

*हज आणि उमरा.* नाशिक, मालेगाव, येवला इथून दरवर्षी मोठ्या संख्येने लोक जातात, आणि त्यांच्यासाठी ही लस सक्तीची आहे. कारण इतिहासात आहे. १९८७ च्या हजनंतर मेनिंगोकोकस ए गटाची साथ पसरली. २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू गटाची आली आणि परतणाऱ्या हाजींबरोबर कितीतरी देशांत गेली. तेव्हापासून ए, सी, वाय, डब्ल्यू या चारही गटांवरची लस मागतात. नियम दोन. सौदीत उतरण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. आणि ती जुनी झालेली नसावी: नव्या पद्धतीची कॉन्जुगेट लस ५ वर्षं धरतात, जुन्या पद्धतीची पॉलिसॅकराइड लस ३ वर्षं. सर्टिफिकेटवर प्रकार लिहिलेला नसेल तर ३ वर्षंच धरतात. म्हणजे ५ वर्षं चालणारी लस घेऊनही "कॉन्जुगेट" हा एक शब्द लिहायचा राहिला तर दोन वर्षं वाया. डॉक्टरांकडून तो शब्द लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना शिबिरात ही लस सरकारकडून मिळते, त्यासोबत पोलिओचे थेंबही देतात. शिबिराची जागा आणि तारीख दरवर्षी ठरते, आणि हज कमिटीची माणसं किंवा स्थानिक कार्यकर्ते कळवतात. त्यामुळे हज कमिटीत नंबर लागला असेल तर आधीच खासगीत पैसे घालू नका. खासगी टूरने किंवा उमऱ्याला जाणाऱ्यांना मात्र स्वतः बघावं लागतं. टूरवाला "मी सर्टिफिकेटची सोय करतो, लस घ्यायची गरज नाही" म्हणाला तर त्याला तिथेच नाही म्हणा. लाखोंच्या गर्दीत, एकेका तंबूत दाटीने झोपायचं असतं. कागद तुम्हाला विमानात बसवेल, आजारापासून वाचवणार नाही.

वयस्कर हाजींसाठी एक विनंती. न्यूमोनियाची लसही त्याच भेटीत विचारा. मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांना न्यूमोकोकसचा धोका मेनिंगोकोकसपेक्षा जास्त असतो.

*परदेशी शिकायला जाणारे.* अमेरिकेत वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ही लस घ्यावी असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते, आणि बरीच विद्यापीठं ती मागतात. टेक्सासात तर राज्याचा कायदाच आहे: २२ वर्षांखालच्या विद्यार्थ्याने गेल्या ५ वर्षांत लस घेतलेली हवी आणि सत्र सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्यांना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून ती फुकट मिळते, बाहेरच्या देशातून आलेल्यांनाही. फक्त तिथे पोचल्यावर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी लगेच करायची. मी मात्र निघण्याआधी इथेच घेऊन जा म्हणते. नव्या देशातले पहिले आठवडे खोली, बँक आणि वर्ग यांत जातात, आणि धोका सगळ्यात जास्त असतो तोही याच आठवड्यांत, कारण देशोदेशीची मुलं एका छताखाली नुकतीच एकत्र आलेली असतात. मेनिंगोकोकस हा नाका-घशातून, खोकल्या-शिंकेतून आणि उष्ट्या ग्लासातून पसरतो. नाका-घशात तो जंतू घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांना स्वतःला काहीच होत नाही, त्यामुळे कोणापासून लांब राहायचं हे कळायला मार्ग नसतो.

या मुलांचा एक नेहमीचा घोळ होतो तो तारखेचा. आपण ३ ऑगस्ट हे ०३/०८ असं लिहितो, अमेरिकेत ते ८ मार्च वाचतात. फॉर्म परत येतो, हेलपाटे होतात. सर्टिफिकेटवर महिना अक्षरात लिहून घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, वडिलांच्या नावासकट.

*आफ्रिकेत जाणारे.* सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेला पट्टा मेनिंजायटीसचा पट्टा म्हणूनच ओळखला जातो. डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत तिथे साथी येतात. कंपनीच्या कामावर तिकडे जाणाऱ्यांनी ही लस घ्यावी. पिवळ्या तापाची लस त्यांना वेगळी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते.

इथे पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९९६-९७ मध्ये या पट्ट्यात आलेल्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले. त्यानंतर ए गटावरची स्वस्त लस बनवण्याचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलं. मेनआफ्रिव्हॅक ही ती लस २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली, अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत, आणि त्या पट्ट्यातून ए गटाच्या साथी जवळपास नाहीशा झाल्या. पुढे पाच गटांवरची मेनफाइव्ह हीदेखील तिथेच तयार झाली. २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरायला घेतली.

*ज्यांची प्लीहा (पोटातला स्प्लीन हा अवयव) नाही किंवा काम करत नाही.* माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित गट हा आहे. हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या तिन्ही जंतूंभोवती एक चिकट कवच असतं. असे जंतू रक्तातून गाळून काढण्याचं काम प्लीहा करते. अपघातात फुटल्याने, थॅलेसेमियात किंवा दुसऱ्या कारणाने ती काढावी लागली तर हे गाळणं थांबतं. सिकलसेलच्या आजारात ती पोटात असूनही लहानपणीच निकामी होत जाते. अशा मुलाला सकाळी आलेला ताप संध्याकाळपर्यंत जिवावर बेतू शकतो.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी भागात सिकलसेलची कुटुंबं आहेत. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, ही चांगली गोष्ट. पण रिपोर्ट हातात आल्यावर पुढे लसींचं काय, हे विचारायला कुटुंबाला कोणीतरी शिकवावं लागतं. म्हणून विचारायचं ते असं: पीसीव्हीचे सगळे डोस झाले का? हिब झाली का? दोन वर्षांनंतर न्यूमोकोकसची २३ प्रकारांवरची लस कधी द्यायची? मेनिंगोकोकसची कधी? पेनिसिलिनच्या गोळ्या किती वर्षं चालू ठेवायच्या? हे पाच प्रश्न मी कार्डाच्या मागच्या पानावर लिहून देते, म्हणजे आईला सिव्हिलमध्ये गेल्यावर आठवायला लागत नाहीत. सिकलसेलचा वाहक आणि सिकलसेलचा रुग्ण यांत फरक आहे. केवळ वाहक असणाऱ्याला या जादा लसी लागत नाहीत.

मेनिंगोकोकसची लस राष्ट्रीय कार्यक्रमात नाही, त्यामुळे एका सिकलसेलच्या मुलासाठी आई-बापांना काही हजार उभे करावे लागतात. सुरगाण्याच्या मजुराला ते परवडत नाही. या मुलांना ती फुकट मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर सिव्हिलच्या समाजसेवा विभागात मदतीसाठी विचारत राहा, एकदा नाही म्हटलं तरी पुन्हा विचारा.

प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर लसी किमान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. शल्यचिकित्सकांना तारीख ठरवतानाच विचारा. अपघातात तातडीने काढली असेल तर साधारण दोन आठवड्यांनी देतात. या गटाला मेनिंगोकोकसचा एक डोस पुरत नाही: आठ आठवड्यांच्या अंतराने दोन, आणि पुढे दर पाच वर्षांनी एक. मेनॅक्ट्रा ही मेनिंगोकोकसची लस घेणार असाल तर पीसीव्ही पूर्ण होऊन चार आठवडे गेल्यावरच घ्यायची, नाहीतर पीसीव्हीचा परिणाम कमी होऊ शकतो. हे डॉक्टरांना माहीत असतं, तरी तुम्ही आठवण करून दिलेली बरी.

*बाकीचे.* कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रतिकार-प्रथिनांची जन्मजात कमतरता असलेले, एक्युलिझुमॅब हे औषध चालू असलेले, एचआयव्हीसह जगणारे, आणि प्रयोगशाळेत हा जंतू हाताळणारे. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) केलेल्या किंवा डोक्याला मार लागून नाकातून मेंदूचं पाणी गळणाऱ्या माणसाला मात्र धोका मुख्यतः न्यूमोकोकसचा असतो, त्यामुळे त्यांनी न्यूमोकोकसची लस विचारावी.

पायरी ४: लस मिळवा

मेनिंगोकोकसची लस प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये पडलेली नसते. मागणी कमी, किंमत जास्त, म्हणून बहुतेक डॉक्टर मागवून घेतात. आधी फोन करा. मोठ्यांनीही बालरोगतज्ज्ञांकडे विचारायला लाजू नका, लसींचा साठा आणि सराव त्यांच्याकडेच असतो. गोळे कॉलनीतल्या होलसेल औषधवाल्यांकडून ती एक-दोन दिवसांत येते, पण जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि हजच्या आधीही मागणी वाढते. निघायच्या तारखेच्या दीड महिना आधी हालचाल सुरू करा.

स्वतः दुकानातून घेऊन, पिशवीत टाकून, दुचाकीवरून कॉलेज रोडपर्यंत नेऊ नका. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. डॉक्टरांनाच मागवू द्या. फोनवर इतकंच विचारा: चार गटांची, ए-सी-वाय-डब्ल्यू, कॉन्जुगेट लस आहे का? माझ्या वयाला चालणारी आहे का? एकूण किती पैसे? वयाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कोणती कंपनी कोणत्या वयापर्यंत परवानगी घेते ते ब्रँडनुसार बदलतं. उदाहरणार्थ मेनॅक्ट्रा ९ महिने ते ५५ वर्षं. ९ ते २३ महिन्यांच्या बाळाला तिचे तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, दोन वर्षांपुढच्या निरोगी माणसाला एकच.

लस घेताना ताप असेल तर सांगा. आधीच्या एखाद्या लशीने, विशेषतः घटसर्प किंवा धनुर्वाताच्या, तीव्र ॲलर्जी झाली असेल तर नक्की सांगा. गरोदर असाल तर लपवू नका, गरज असेल तर ही लस गरोदरपणातही देता येते, पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा. दंड दुखतो, अंग मोडून येतं, एखाद-दोन दिवसांत ओसरतं.

सर्टिफिकेटवर बॅच नंबर, लशीचं नाव, प्रकार, तारीख, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का. कुपीवरचं स्टिकर चिकटवून घ्या. मग मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि तो घरच्या कोणालातरी पाठवून ठेवा.

लस झाली तरी ही लक्षणं ओळखता यायला हवीत

कोणतीही लस सगळे जंतू अडवत नाही. चार गटांच्या लशीत मेनिंगोकोकस बी नाही, आणि बी गटाची वेगळी लस आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून तीव्र ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, मान पुढे वाकवता न येणं, उजेड सहन न होणं, गुंगी किंवा बरळणं, यातली दोन-तीन एकत्र दिसली तर सकाळची वाट बघू नका. तान्ह्या बाळाची मान ताठ झालेली कळत नाही. ते दूध ओढत नाही, किंचाळल्यासारखं रडतं, उचललं की आणखी रडतं, टाळू फुगलेली लागते किंवा बाळ नुसतं मलूल पडून राहतं. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबून बघा. दाबूनही ठिपके पुसट होत नसतील तर ती अगदी तातडीची वेळ आहे. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ मोठ्या रुग्णालयात जा. कमरेतून पाणी काढायला डॉक्टर सांगतील, त्याला घाबरून नकार देऊ नका. त्या पाण्यावरूनच जंतू कोणता ते कळतं आणि औषध ठरतं. पाणी काढल्याने माणूस लुळा पडतो ही समजूत चुकीची आहे.

घरात कोणाला मेनिंगोकोकसचा मेनिंजायटीस झाल्याचं निदान झालं तर एकाच खोलीत झोपणाऱ्यांनी, एका ताटात जेवणाऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावं. अशा वेळी नुसती लस पुरत नाही, कारण तिचा परिणाम दिसायला सात ते दहा दिवस जातात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, रिफॅम्पिसिन किंवा सेफ्ट्रिआक्झोन यांपैकी एक प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या २४ तासांत घ्यायचं असतं. कोणतं, ते वय आणि गरोदरपण बघून डॉक्टर ठरवतात. शेजारच्या सगळ्या गल्लीला ते लागत नाही. शाळेत एकाच वर्गात असलेल्या मुलांचं काय करायचं, हे मनपाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने ठरवायचं असतं, म्हणून रुग्णालयाने त्यांना कळवलं आहे का तेवढं विचारून घ्या.